गंजीवरची रेंज

“ताई, तुमच्या जाहिरातीतलं ते ‘अनलिमिटेड’ नेमकं कोणत्या गावापर्यंत येते हो?”

हा प्रश्न मोबाइल कंपनीच्या बाईला विचारून दाखव, अशी पैज माझ्या वर्गातल्या फिजा आणि अलफियानं माझ्याशी लावली होती. हरले तर दोघींच्या विज्ञानाच्या वह्या मी पूर्ण करायच्या. जिंकले तर माझी वही त्या करणार. आणि पैज कोणाशी लावली? तर रंजिता धनसिंग आडे, दहावी ब, हिच्याशी! बिचाऱ्या!

खरं सांगते, नववीपर्यंत मी अशी नव्हते. हजेरीला ‘यस सर’ इतक्या हळू म्हणायचे की सरांनी मला माझ्यासमोर दोनदा गैरहजर मांडलं होतं. मग त्या साली मार्चमध्ये कोरोनाची टाळेबंदी झाली, शाळेला कुलूप लागलं आणि जूनमध्ये शाळा थेट मोबाइलवर उघडली. मोबाइलवर सरांना माझं फक्त कपाळ दिसायचं. कपाळाला कशाची आली भीती? मी फटाफट उत्तरं द्यायला लागले. पंधरा दिवसांत अशी काही धीट झाले, की याडी (आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारा लोक आईला याडी म्हणतो) रोज सकाळी बाला विचारायची, “हे आपलीच छोरी हाये न? का मोबाइलमधून दुसरी निघाली?”

आता तुम्ही विचाराल, कपाळच का दिसायचं? कारण बाकीची मी कापसात असायचे.

त्याचं असं झालं. आमचा तांडा आर्णीपासून अकरा किलोमीटर आत. पाठीशी टेकडी, आणि टावर टेकडीच्या पलीकडं. म्हणजे टावरनं आमच्याकडं पाठच फिरवलेली, रुसलेल्या जावयासारखी. तांड्यात मोबाइल बरेच, पण कोणी त्यात टॉर्च लावायचं, कोणी गाणी ऐकायचं. फोन करायचा म्हटलं की टेकडी चढा. आणि त्या साली कापूस कोणाचाच विकला गेला नव्हता. खरेदी बंद, जिनिंग बंद, रस्ते बंद. सगळ्यांचा कापूस सगळ्यांच्या घरात. आमच्या समोरच्या खोलीत तर कापसाची गंजी अशी वाढली, की आधी कापूस राहायचा आणि उरलेल्या जागेत आम्ही तिघं. दिवाणाचे पाय चार महिन्यांत कोणी पाहिले नव्हते.

एक दिवस आमची मांजर गंजीच्या शेंड्यावर व्याली. पिलं पाहायला मी मोबाइलचा टॉर्च लावून वर चढले, पत्र्याखालच्या झरोक्याशी पोचले, आणि माझ्या हातातला मोबाइल एकाएकी थरथरायला लागला. टिंग! टिंग! टिंग! त्रेचाळीस मेसेज! मांजर घाबरून एका पिलाला तोंडात धरून खाली पळाली. झरोक्यातून टेकडीच्या खिंडीत टावरचं टोक दिसत होतं, माझ्या करंगळीएवढं. आणि मोबाइलवर चार दांड्या!

“बाऽऽ! टावर आला!” मी ओरडले.

“कोण आला?” बा बाहेरून धावत आला आणि दारातच टोपी नीट करायला लागला. त्याला वाटलं सरकारी साहेब आला.

त्या दिवसापासून आमची गंजी म्हणजे तांड्याचं टेलिफोन ऑफिस झाली. शेजारची मानीकाकी रोज चारला यायची आणि पांढरकवड्याला दिलेल्या लेकीशी बोलायची. बोलायची म्हणजे काय, ओरडायची! मोबाइल नसता तरी पांढरकवड्याला ऐकू गेलं असतं. आमच्या तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, देवसिंगकाका, वय सत्तर, पांढरी मिशी, तेसुद्धा धोतर सावरत चढायचे. याडीचा नियम एकच. पाय धुवून चढायचं आणि चढायच्या आधी कापसाला हात जोडायचे. नायक असो का कोणी असो.

फक्त एक भानगड होती. घरात महिनोन्‌महिने पडलेल्या कापसात काय होते ते आमच्याकडच्या कोणालाही विचारा. खाज! बारीक बारीक किडे असतात, दिसत नाहीत. दहा मिनिटं वर बसलं की तासभर खाजवायचं. त्यामुळं तांड्यात कोणी कोणाला फोन केला हे लपतच नव्हतं. कोणी चावडीवर मान खाजवताना दिसला की बाया विचारायच्या, “काय भाऊजी, सासरी फोन केलता वाटते?”

तर मी गंजीवर बसूनच कंपनीला फोन लावला. त्याच्या आधी फिजा, अलफियाशी फोन झाला होता. फिजा म्हणाली, “हिंमत है तो लगा! नाहीतर आजच वह्या पाठवते.”

“वह्या तयार ठेव,” मी म्हटलं, “पेनात शाई पण भर!”

मराठीसाठी दोन दाबलं. तक्रारीसाठी चार दाबलं. मग सात दाबलं, मग परत एक दाबलं. मग बासरी वाजली. बासरी वाजता वाजता मी दोन्ही कोपर, एक गुडघा आणि पाठीचा हात पोचेल तेवढा भाग खाजवून घेतला. शेवटी एक गोड आवाज आला, “मी आपली काय मदत करू शकते?”

मी प्रश्न विचारला.

“मॅडम, आपला प्रश्न समजला नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी मॅडम म्हटलं! माझा आवाज आपोआप जाड झाला. मी प्रश्न पुन्हा विचारला.

“मॅडम, अनलिमिटेड म्हणजे त्याला मर्यादा नसते.”

“मग आमच्या टेकडीपाशी येऊन काहून थांबते ते? दम लागते का त्याले?”

बाई हसली! कंपनीची बाई, खरंखुरं, फिस्सकन हसली. मग सावरून म्हणाली, “आणखी काही मदत, मॅडम?”

इथंच मी फोन ठेवायला पाहिजे होता. पैज जिंकली होती. पण आपण एकदा रंगात आलो की थांबतो का? मी म्हटलं, “हो ताई, मदत आहे. दिवसाला चाळीस मेसेज येतात तुमचे. राशी पाहा, क्रिकेट पाहा, गाणं लावा, वजन कमी करा! आमच्या तांड्यात कमी करायला वजन आहे कोणाजवळ? तासाच्या मधात टिंग वाजते, सर म्हणतात कोणाच्या घरी पाहुणे आले!”

“ते मेसेज बंद करायचे का, मॅडम?”

“होऊन जाऊ द्या!”

“काही विषयांचे चालू ठेवायचे का? बँक, शिक्षण, आरोग्य, शेती...”

“एकही नको! सगळे बंद!” मी नायकासारखा हात हलवत म्हटलं.

“ठीक आहे, मॅडम. आपला दिवस शुभ असो.”

शुभ! हो, लयच शुभ!

पहिले तीन दिवस मी हवेत होते. मोबाइल कसा, समाधी लावून बसलेला. बा तर ज्याला त्याला सांगत सुटला, “पोरीनं कंपनीले गप केलं! एका फोनात! मले वाटलं हे भांडून राह्यली, तं ते मॅडम मॅडम करून राह्यले हिले!” फिजा माझी विज्ञानाची वही लिहीत होती. मी गंजीवर पालथी पडून तिला आकृत्या सांगत होते आणि वरून म्हणत होते, “बेडकाचे डोळे मोठे काढ, तुझ्यासारखे!”

चौथ्या दिवशी नायककाका आले. पाय धुतले, हात जोडले, चढले, मोबाइल पाहिला, उतरले.

“धनसिंग, मेसेज नाई आला अजून?”

“कोणता, काका?” बानं विचारलं.

“अरे, कापसाचा!”

इथं तुम्हाला एक गोष्ट सांगायला पाहिजे. सरकारी खरेदीसाठी कापसाची नाव-नोंदणी झाली होती. नंबर लागला की मोबाइलवर मेसेज येणार, ज्या दिवशी बोलावलं त्या दिवशी कापूस घेऊन केंद्रावर जायचं. दिवस हुकला की नंबर गेला. आमच्या तांड्यातल्या सात घरांनी नोंदणी केली, तेव्हा मोबाइल नंबर कोणाचा द्यायचा हा प्रश्न निघाला. आपापला नंबर दिला तर मेसेज रेंजविना पेटीत पडलेल्या मोबाइलवर येणार कसा? मग नायककाकांनी घरासमोर सगळ्यांना बसवलं आणि निकाल दिला, “सातही जण धनसिंगचा नंबर लिहा. तांड्यात जागा असलेला फोन तोच एक हाये!”

म्हणजे सात घरांच्या वर्षभराच्या कापसाची वाट तो एकटा मोबाइल पाहत होता. आणि त्या मोबाइलला मी...

पण थांबा! तेव्हा माझ्या डोक्यात हे आलंच नाही. अगदी शप्पथ! मला वाटलं, जाहिरातीचे मेसेज वेगळे आणि कामाचे मेसेज वेगळे. सरकारी मेसेज म्हणजे काय, त्याला कोण अडवणार? तो छाती काढून येत असेल! मीच मोठ्या तोंडानं म्हटलं, “काका, रेंज कमी पडत असंन.”

झालं! नायककाकांनी डोळे बारीक करून गंजीकडं पाहिलं. “धनसिंग, कापूस दबला बरं तुझा. लोकं चढून चढून गंजी हातभर खाली बसली. टावर दिसंन कसा?”

“मंग?”

“वाढव गंजी!”

दुपारी मानीकाकीच्या घरून कापसाची गाठोडी निघाली. जुन्या लुगड्यात बांधलेली, लाल, हिरवी, एक तर तिच्या लग्नातल्या लुगड्याची. बानं आणि दोघातिघांनी ती आमच्या गंजीवर चढवली. गंजी पत्र्याला जाऊन भिडली. आता वर बसायची सोय राहिली नाही, पालथं पडून सरपटत झरोक्याशी जायचं. दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला सरांनी विचारलं, “रंजिता, तू पलंगाखाली आहेस का?”

“नाही सर, आढ्याखाली!”

मेसेज तरी आला नाही. आता सातही घरची माणसं सकाळ-संध्याकाळ चढून मोबाइल पाहायला लागली. सात घरं, दोन वेळा! आमच्या दारात पाय धुवायला रांग! अख्खा तांडा खाजवत होता. बैठकीत कोणी बोलत असला तर ऐकणारे खाजवायचे, आणि ऐकणारे बोलायला लागले की तो खाजवायचा. नायककाका तर बाभळीच्या खोडाला पाठ घासत होते, मला पाहून त्यांनी असं तोंड केलं, जसं काही ते झाडाची तब्येत पाहायला आले होते.

मानीकाकी म्हणाली, “रुपीबाई, शेजारच्या गावातल्या गाड्या जाऊन राह्यल्या बाई केंद्रावर. आपलंच काहून नाई?”

“येईन न,” याडी म्हणाली. पण रात्रीच्या भाकरी थापताना तिनं आभाळाकडं दोनदा पाहिलं. पाऊस पडता झाला, घरात कापूस, पेरणीला बियाणं आणायचं ते कापूस विकून. मी गंजीवर चढून मोबाइल परत एकदा पाहिला. तरी वाटलं, आपला काय संबंध!

सातव्या दिवशी दुपारी एक वाजता माझा संबंध नायककाकांच्या मोटरसायकलच्या मागं बसून आला. काका आर्णीला गेले होते, येताना रस्त्यात खरेदी केंद्रावर डोकावले. मोटरसायकल अजून थांबलीच नव्हती आणि ते ओरडत होते, “धनसिंग! मेसेज कवाचे आले म्हन्ते! चार दिवस झाले! चौकीदारानं यादीत पाह्यलं, आपल्या सातही घरचा आज शेवटचा दिवस हाये! पाच वाजता गेट बंद!”

“मंग आपल्या फोनवर...?” बानं विचारलं.

“तेच त! फोनवर येऊ कसे नाई राह्यले? आँ? कोणी खाल्ले?”

सगळ्यांनी वर पाहिलं. वर मी होते. झरोक्याशी पालथी, तोंडात पेन्सिल.

तेव्हा, वाचकहो, तेव्हा मला त्या बाईचा गोड आवाज ऐकू आला. बँक, शिक्षण, आरोग्य... शेती. माझी पेन्सिल तोंडातून कापसात पडली ती आजपर्यंत सापडली नाही.

“रंजिता! काय झालं वो? तोंड काहून असं पांढरं पडलं?” याडीनं विचारलं.

“कापूस लागला तोंडाला!” मी म्हटलं.

पुढचे तीन तास कसे गेले ते तांड्यात आजही कोणी नीट सांगू शकत नाही. आर्णीचे रहमतचाचा त्यांचा ट्रॅक्टर घेऊन शेजारच्या वावरात नांगरटीला आले होते. नायककाकांनी त्यांना वावरातूनच उचललं. नांगर सोडला, ट्रॉली जोडली. दोन छोटे हत्ती, म्हणजे ते बुटके टेम्पो, बोलावले, तीन बैलगाड्या जुंपल्या. बायामाणसं ओट्या, पाट्या, चादरी, जे हाताला लागलं त्यात कापूस भरून धावत होती. आणि मी? मी गंजीवर! कारण मला एकच सुचत होतं. त्या बाईला फोन करायचा आणि म्हणायचं, ताई, चूक झाली, सगळे मेसेज परत सोडा!

“खाली उतर छोरी!” याडी ओरडली.

“याडी, दोन मिनिटं! शाळेचं हाये!”

दोन दाबलं. चार दाबलं. सात दाबलं. बासरी! “आपण रांगेत नवव्या क्रमांकावर आहात.” खालून बा आणि चार माणसं कापूस उपसत होती. गंजी खाली खाली बसत होती आणि तिच्यासोबत मी. चार दांड्या. “आपण रांगेत सहाव्या क्रमांकावर आहात.” तीन दांड्या. झरोका माझ्या नाकासमोरून कपाळासमोर गेला. मी गुडघ्यांवर उभी राहिले. “आपण रांगेत तिसऱ्या क्रमांकावर आहात.” दोन दांड्या. मी पायांवर उभी राहिले, टाचा उचलल्या, हात वर केला. एक दांडी. बासरी तुटक तुटक वाजायला लागली, खोकला झाल्यासारखी. “नमस्कार, मी आपली काय म...”

गेला! मी जमिनीवर उभी होते. खोलीत दिवाणाचे चार पाय दिसत होते.

“शाळा सुटली का?” बानं विचारलं. “मंग त्या कोपऱ्यातला भर.”

पण कापूस गेला कुठं होता? ट्रॉलीत! ट्रॉलीत तो पुन्हा गंजीएवढाच उंच झाला, वरून दोर टाकून बांधला. मी दोर धरून सरसर वर चढले. रहमतचाचा खालून म्हणाले, “अरे बेटा, गिर जाएगी!”

“नाही चाचा, कापूस दाबायला पाहिजे न कोणीतरी!”

ट्रॅक्टर टेकडी ओलांडून पलीकडं गेला आणि मोबाइलवर पाच दांड्या! जन्मात पहिल्यांदा पाच! पण वेळ चार वाजून दहा. बासरी ऐकायची सोय नव्हती. मी फिजाला फोन लावला. तिचे अब्बा, तनवीरचाचा, यांचं बसस्टँडजवळ मोबाइलचं दुकान आहे. आमचा मोबाइलही त्यांच्याकडूनच घेतलेला, सेकंडहँड, काचेला एक तडा फुकट.

“फिजा, अब्बाले विचार, बंद केलेले मेसेज चालू करायला किती वेळ लागते?”

“काहून? तू बंद केलते का?”

“माझी एक मैत्रीण आहे.”

“तुझ्या सगळ्या मैत्रिणी माह्या पण मैत्रिणी आहेत. कोणती?”

“फिजाऽऽ! विचार न गं!”

दोन मिनिटांनी ती म्हणाली, “अब्बा बोल रहे, सात दिवस. आणि जे मेसेज गेले ते गेले. परत नाही येत.”

मी मोबाइल खाली ठेवला आणि कापसावर आडवी झाले. वर आभाळ, एका कोपऱ्यात काळं. मागं बघितलं तर अख्ख्या तांड्याची वरात. दुसऱ्या हत्तीवर मानीकाकी तिच्या गाठोड्यांना मिठी मारून बसली होती. बैलगाड्या पार मागं पडल्या होत्या. पहिल्या हत्तीतून याडीनं मला पाहून हात केला. मी पण केला. आणि रडू आलं म्हणून पटकन खाजवायला लागले.

केंद्राच्या गेटवर पावणेपाच. बाहेर गाड्यांची ही लांब ओळ, सगळे जागच्या जागी उभे. टेबलामागं टोकन देणारे साहेब, तोंडाला मास्क, समोर लॅपटॉप.

“मेसेज दाखवा,” साहेब म्हणाले.

“मेसेज कंपनीनं खाल्ला, साहेब,” नायककाका म्हणाले. “पण यादीत नावं हाये आमची. तुमच्या चौकीदारानं पाह्यले.”

“ती यादी सकाळची. मला कॉम्प्युटरवर पाहावं लागते.”

“मंग पाहा नं.”

“काय पाहू, डोंबल! दीड वाजल्यापासून लिंक नाही. या जिनिंग कारखान्याच्या भिंतीमुळं इथं खाली रेंज मरते. ही काय गाड्यांची ओळ मी हौसेनं उभी केली?”

“मंग पाच वाजले की?”

साहेबांनी खांदे उडवले. “गेट बंद करायचा वरून हुकूम आहे, बाबा. मी काय करू?”

बानं टोपी काढली, हातात घेतली, परत घातली. तांड्यात कोणाला ‘पोरीनं कंपनीले गप केलं’ म्हणून सांगताना छाती काढणारा माझा बा, एकदम ट्रॉलीच्या चाकाएवढा झाला. मी मोबाइल पाहिला. मोबाइलवर चार दांड्या होत्या.

“साहेऽऽब!” माझा आवाज असा निघाला की ओळीतले बैल दचकले. “इथं वर रेंज आहे! चार दांड्या! लॅपटॉप घेऊन वर या, माझ्या मोबाइलवरून नेट देते!”

“वर? कापसावर?”

“तुम्हाले नोकरी कुठं खाली बसूनच करा म्हणून लिहून दिली का?”

“रंजिता!” याडी ओरडली. पण ओळीतले सगळे गाडीवाले हसायला लागले आणि मग ओरडायला लागले, “चढा साहेब! चढा!”

रहमतचाचांनी खालून ढकललं, मी वरून हात दिला, बानं एक पाय खांद्यावर घेतला. साहेब चढले! लॅपटॉप मांडीवर, मास्क गळ्यात. नेट जोडलं. चक्र फिरलं, फिरलं, फिरलं... आणि उघडलं!

“धनसिंग आडे. आहे. मोबाइल नंबर शेवट सतरा. देवसिंग... शेवट सतरा. मानीबाई... शेवट सतरा?” साहेबांनी खाली वाकून विचारलं, “अहो, हा सातही जणांचा एकच नंबर? हा नंबर आहे कोणाचा?”

नायककाका खालून म्हणाले, “साहेब, तो माणसाचा नंबर नाई. तो गंजीचा नंबर हाये.”

सात टोकनं निघाली. पाच वाजायला चार मिनिटं होती. पण साहेब उतरतात कुठं! ओळीतले सगळे गाडीवाले आपापले कागद वर फेकायला लागले. मी कागद झेलून नावं वाचायची, साहेब नोंद करायचे, टोकन खाली. गेट बंद करायला कोणाची हिंमत झाली नाही, कारण गेट बंद करायचा हुकूम ज्याच्याजवळ होता तो आमच्या कापसावर बसला होता! सहा वाजेपर्यंत काम चाललं. शेवटी साहेब एका हातानं सही करत होते आणि दुसऱ्या हातानं पाठ खाजवत होते. “हे काय होऊन राह्यलं मला?” त्यांनी विचारलं.

“काही नाही साहेब,” मी म्हटलं, “घरी गेल्यावर कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ करा. नाही गेली तर परत एकदा करा.”

कापूस विकला गेला. सातही घरचा! परत येताना मानीकाकीनं माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. नायककाका रस्ताभर सांगत होते, “पोर नाई, वाघीण हाये!” बा तर नुसता ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून माझ्याकडं पाहायचा आणि हसायचा. तो हसला की मी दुसरीकडं पाहायचे. आता तुम्ही म्हणाल, मग तेव्हाच सांगून टाकायचं! अहो, वाघिणीला असं मधातच कसं सांगता येईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी नायककाका कोरे कागद घेऊन आमच्या रिकाम्या खोलीत येऊन बसले. दिवाणावर! आरामात!

“रंजिता, तुह्यं अक्षर चांगलं हाये. लिही. कंपनीच्या यवतमाळच्या ऑफिसात अर्ज द्यायचा हाये. सोमवारी अख्खा तांडा जाणार. सगळ्याच्या पुढं तू!”

“मी?”

“मंग कोण? लिही. ‘आमच्या तांड्याचे मेसेज ज्या कोण्या नालायक माणसानं अडवले...’ लिहिलं का?”

“काका, नालायक कसं लिहायचं अर्जात?” मी पेन थांबवलं.

“बरं, ‘बेजबाबदार’ लिही. ‘त्याचा पत्ता लावून, त्याले तांड्यासमोर उभं करावं.’ लिहिलं?”

“लिहिलं.”

“‘त्याच्यामुळं आमच्या सात घरचा कापूस घरात सडला असता.’ सडला असता, हे जरा मोठ्या अक्षरात.”

मी मोठ्या अक्षरात लिहिलं. माझं अक्षर खरंच सुंदर आहे हो! त्या दिवशी पहिल्यांदा ते मला आवडलं नाही.

बा कौतुकानं म्हणाला, “काका, हिच्यासमोर कोणाचंच चालत नाई. पाहाच तुमी, तो माणूस हिच्यापुढं थरथर कापंन!”

तो माणूस थरथर कापतच होता. काकांनी अर्ज वाचून घेतला, घडी घातली, आणि सही-अंगठ्याला पहिलं घर मानीकाकीचं म्हणून काठी टेकत निघाले. मी दारातून पाहिलं. काकांच्या हातात माझा अर्ज, माझ्याच विरुद्धचा, माझ्याच अक्षरात!

“चहा घे,” याडी म्हणाली. “कालपासून अन्नावर वासना नाई तुही.”

मी चहाचा कप घेतला नाही. मी आधी बासमोर उभी राहिले, मग याडीसमोर, मग दोघं एकाच वेळी दिसावेत म्हणून दाराशी गेले. आणि जिनं कंपनीच्या बाईला हसवलं, साहेबाला कापसावर चढवलं, तिच्या तोंडून नववीतल्या ‘यस सर’एवढा आवाज निघाला:

“बा, याडी, माह्यं ठरलं हाये. ते मेसेज मीच बंद केलते. कंपनीनं विचारलं होतं, शेतीचे ठेवू का, तं मी म्हटलं नको. आता मी नायककाकाच्या मागं जाते आणि मानीकाकीचा अंगठा लागायच्या आधी सगळं सांगून टाकते. मी एकटी जाणार, कोणी अडवू नका!”

दोन पावलं गेले, थांबले, आणि मागं वळून म्हटलं, “तुमी दोघं पाह्यजे तं मागून या. पण लय मागून नको. असं, हात पुरंन इतकं जवळून.”